ग्लेन्डा कथबर्टचा स्टाफ

समुद्रकाठच्या मार्लथॉर्पच्या वाळूवर ग्लेन्डा कथबर्टला कोणी "काय बाई, बरं आहे ना?" असं विचारलं, की ती स्वतःची तब्येत कधी सांगायची नाही. "स्टाफ मजेत आहे," एवढंच म्हणायची. आणि हा स्टाफ म्हणजे अकरा गाढवं.

नवख्या माणसाला हे लवकर उमगत नसे. एखादी आई लेकराला गाढवावर बसवायला घेऊन यायची आणि ग्लेन्डा हात वर करून सांगायची, "थांबा जरा, स्टाफची जेवणाची सुट्टी आहे." ती बाई बिचारी इकडेतिकडे बघायची, तर समोर सात गाढवं ओळीनं उभी राहून तोबरे फस्त करताहेत. यात ग्लेन्डाचा चावटपणा काही नव्हता बरं का. नगरपालिकेचा नियमच तसा आहे. गाढवांनी दहाच्या आत कामाला लागायचं नाही, सातच्या पुढे थांबायचं नाही, दुपारी तासभर जेवण, शुक्रवारी सुट्टी, वजनदार पोरं पाठीवर घ्यायची नाहीत, आणि वय झालं की कामातून मोकळं. दरसाल डॉक्टर येणार, दात बघणार, खूर बघणार, मगच परवाना. अहो, आमच्या गावातल्या हॉटेलात बशा विसळणाऱ्या पोरींना एवढं मिळालं असतं तर त्यांनी केक कापला असता!

धंदा मूळचा बापाचा. म्हातारा आर्थर कथबर्ट हा अट्टल खुनशी माणूस. नवं गाढव आलं की त्या साली ज्या नातेवाइकाशी वाजलं असेल त्याचं नाव गाढवाला ठेवायचा. भांडणांना तोटा नव्हता, म्हणून नावांनाही नव्हता. पामेला म्हणजे थोरली भावजय. ट्रेव्हर म्हणजे मेव्हणा. परवान्याच्या कागदावर तो नावं आडनावासकट झोकात लिहायचा: पामेला कथबर्ट, ट्रेव्हर कथबर्ट. मेव्हण्याचं आडनाव कथबर्ट नव्हतं, पण गाढवाचं होतं. बाप गेला आणि ग्लेन्डानं धंद्याबरोबर ही रीतही पुढे चालवली. तिचा घटस्फोट झाला त्या साली आलेल्या गाढवाचं नाव डेरेक आहे, आणि त्याला ती सगळ्यांपेक्षा जास्त खाऊ घालते. हे कसं काय, ते तिला विचारायची गावात कोणाची टाप नाही.

आणि नेव्हिल. नेव्हिल स्टब्स हा स्टाफ नव्हे. नेव्हिल म्हणजे नेव्हिल.

बाप जिवंत असताना एका उन्हाळ्यात हा उंच, वाकलेला पोरगा "आठवडाभर आहे मी, काही काम असलं तर बघा" म्हणून आला, आणि सव्वीस वर्षं झाली, त्याचा तो आठवडा काही संपेना. सकाळी गाढवं वाळूवर आणायची, पोरांना चढवायचं, लगाम धरून पाण्याच्या कडेपर्यंत न्यायचं, वळवून परत आणायचं, उतरवायचं, पाठीमागनं लीद उचलायची. वाळूत चालून चालून त्याच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. शनिवारी ग्लेन्डा त्याला पाकीट द्यायची. "घे," ती म्हणायची. "दे," तो म्हणायचा. दोघांमधला नोकरीचा करारमदार म्हणाल तर एवढाच. बापानं हिशेबात त्याला पहिल्या दिवशी 'बाहेरचा माणूस, लागेल तेव्हा' म्हणून लिहिलं होतं, ते तसंच राहिलं. कोण बदलणार?

ग्लेन्डाचा जीव मात्र अडकला होता हेजकॉकच्या कुरणात. गावाबाहेरची ही हिरवी जमीन तिनं हेजकॉक नावाच्या शेतकऱ्याकडून घेतली, घटस्फोटात पदरात पडलेला सगळा पैसा ओतून. कामातून मोकळी झालेली गाढवं तिथे जायची. दुसरे गाढववाले म्हातारी गाढवं व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात आणि पुढे त्यांचं काय झालं ते विचारत नाहीत. ग्लेन्डाला त्या विचारानंच घास उतरायचा नाही. तिची चार म्हातारी त्या कुरणात दिवसभर चरायची, लोळायची, कुंपणाला पाठ घासायची. "पेन्शनीत गेलीत," असं ती अभिमानानं सांगायची.

आता तुम्हीच सांगा. अशा बाईला सरकारी पत्र आलं, की 'आपल्या स्टाफच्या पेन्शनची सोय करणे आपणांवर कायद्याने बंधनकारक आहे, न केल्यास दंड होईल', तर तिनं काय समजायचं? ज्या देशात गाढवांच्या जेवणाच्या सुट्टीचा नियम आहे, त्या देशात गाढवांच्या पेन्शनचा कायदा आला यात नवल कसलं? ती पत्र नाचवत शेडमध्ये गेली.

"नेव्हिल! अरे, सरकारला अक्कल आली!"

"कुठल्या सरकारला?" नेव्हिलनं खूर साफ करता करता विचारलं.

"आपल्याच. म्हातारपणी स्टाफची सोय केलीच पाहिजे म्हणे, नाहीतर दंड. बघ आता त्या पलीकडच्या स्केगी गावच्या गाढववाल्यांची कशी तंतरते! गाढवं विकून खातात मेले."

"आपण तर केलीच आहे की."

"तेच तर! आपण पहिल्या नंबरात येणार."

वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसून तिनं सरकारचा फॉर्म भरला, दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून. स्टाफ किती? अकरा. त्यात बावीस वर्षांवरचे किती? तिनं बोटांवर मोजलं. चार. त्यांची पेन्शनची सोय केली आहे काय? ग्लेन्डाची छाती फुगली. होय. योजनेचं नाव? इथे तिनं जरा विचार केला आणि खऱ्याला खरं लिहिलं: 'हेजकॉक मेडो'. मेडो म्हणजे कुरणच, पण कागदावर ते नाव असं भारदस्त उमटलं, की लंडनच्या काचेच्या इमारतीत बसून लोकांचे पैसे सांभाळणारी एखादी कंपनीच वाटावी. बटण दाबलं आणि ती घरी जाऊन ताव मारून जेवली.

पेन्शनच्या ऑफिसात मग 'हेजकॉक मेडो' नावाच्या कंपनीचा शोध सुरू झाला. सापडणार कुठून? पत्रामागून पत्रं आली, की आपल्या योजनेची नोंद आढळत नाही, तपशील द्या. ग्लेन्डानं उत्तर धाडलं, की नोंद कशाला हवी, प्रत्यक्ष येऊन बघा, फाटक उघडंच असतं. मग चारशे पौंडांचा दंड आला. डॉक्टरचा दाखला जोडायचा राहिला म्हणून असणार, असं धरून तिनं दोन दिवस शिव्या घातल्या आणि भरून टाकला. प्रकरण मिटलं, असं तिला वाटलं.

मिटतंय कसलं! ऐन जुलैत, वाळूवर पाय ठेवायला जागा नाही अशा दिवसांत, दुसरी नोटीस आली. दंड भरला म्हणजे काम झालं असं नव्हे, सोय अजून झालेली नाही, सबब आता होईपर्यंत रोज दंड. स्टाफ चारपर्यंत असता तर दिवसाला पन्नास पौंड. पण आपला स्टाफ अकरा, म्हणून दिवसाला पाचशे.

ग्लेन्डानं वाळूवरच हिशेब मांडला. दिवसाला पाचशे! सातही गाढवं दिवसभर राबली आणि एकाही पोरानं रडून पैसे परत मागितले नाहीत, तरी एवढे जमत नसत. तिच्याकडे विकण्यासारखं एकच होतं, आणि ते कुरण. सुट्टीवाल्यांना चाकांवरची घरं भाड्यानं देणारा कॅरव्हॅनवाला ब्लँचर्ड त्यासाठी दोन वर्षं तोंडाला पाणी सुटून मागे लागला होता. कुरण गेलं की चार म्हातारी गाढवं व्यापाऱ्याच्या गाडीत. महिनाभर हा दंड असाच चालला असता तर हेच होणार होतं, आणि तिला ते लख्ख दिसत होतं.

"फोन कर," नेव्हिल म्हणाला.

"कोणाला?"

"नोटिशीवर नंबर असेल ना. माणसंच असतात तिथे. सांग त्यांना पामेलाचं."

तिनं फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक पोरगी बोलायला लागली. मिस प्रॉसर. आवाज वेल्सचा, मऊ, गाता.

"मिसेस कथबर्ट, आपण शांतपणे एकेक नाव घेऊ या."

"शांतपणे तुम्ही घ्या, पाचशे माझे चाललेत. पण विचारा."

"पामेला कथबर्ट. वय?"

"एकतीस."

"कामावर कधीपासून?"

"चार वर्षांची झाली तेव्हापासून."

"चार?"

"त्याच्या आधी नाही हो आम्ही लावत. हाडं पक्की व्हायला नकोत?"

"त्यांना... पगार किती आहे?"

"पगार?" ग्लेन्डाला हसूच आलं. "पेंढा देते, गाजरं देते. रविवारी पेपरमिंट."

"आणि राहायला?"

"शेड आहे ना. सगळी एकत्रच असतात, थंडीत एकमेकांची ऊब होते."

"मिसेस कथबर्ट," मिस प्रॉसरचा गाता आवाज आता अगदी खाली गेला होता, "त्यांना बाहेर जायची मोकळीक आहे का?"

"मोकळीक देऊन चालतंय होय! ट्रेव्हरला एकदा मोकळा सोडला, तर गेला सरळ बिंगोच्या हॉलमध्ये. बायका टेबलांवर चढल्या. तेव्हापासून त्याला बांधूनच ठेवते."

"ट्रेव्हर कथबर्टना तुम्ही बांधून ठेवता?"

"चावतो तो! तुम्हाला चावला असता म्हणजे कळलं असतं."

"कृपा करून कुठे जाऊ नका," मिस प्रॉसर म्हणाली. "मी उद्या येते. स्वतः येते."

"या की! उद्या शुक्रवार नाही, स्टाफ कामावरच असेल." फोन ठेवून ग्लेन्डा नेव्हिलला म्हणाली, "पोरगी फार मायाळू आहे रे. पामेलाचं ऐकून रडवेली झाली."

दुसऱ्या दिवशी पाहुणी येणार म्हणून नेव्हिलनं सकाळीच पामेलाला कुरणातून आणलं. ब्रश मारला, खुरांना तेल लावलं, डोक्यावर लाल फुलांची हॅट घातली आणि कानांसाठी भोकं बरोबर जागेवर आली की नाही ते चार पावलं मागे जाऊन बघितलं. किनाऱ्यावर गर्दी उसळली होती. पोरं आइस्क्रीम सांडत होती, समुद्रपक्षी लोकांच्या हातातल्या चिप्स पळवत होते, आणि त्या सगळ्यातून मिस प्रॉसर टाचांचे बूट वाळूत रुतवत, ओढून काढत, पुन्हा रुतवत येत होती. हातात जाडजूड फाइल. चेहरा असा, की आता आभाळ कोसळलं तरी मी मागे हटायची नाही.

"मिसेस कथबर्ट?"

"मीच. चहा घेणार?"

"नको. मला पामेला कथबर्टना भेटायचं आहे. एकांतात."

"एकांतात?" ग्लेन्डानं नेव्हिलकडे पाहिलं. नेव्हिलनं खांदे उडवले. "बरं बाई. पण एकांतात गेलात तर तुमच्या फाइलीचं काही खरं नाही, एवढं सांगून ठेवते. कागद आवडतो तिला."

"मिसेस कथबर्ट, ही थट्टेची गोष्ट नाही. त्या कुठे आहेत?"

"ही काय, तुमच्या मागे. खांदा हुंगतेय."

मिस प्रॉसर गर्रकन वळली. नाकाला नाक लागलं. लाल फुलांच्या हॅटखालून पामेलानं तिच्याकडे पाहिलं, मोठ्ठा श्वास सोडला आणि फाइलीचा कोपरा तोंडात धरला.

"ही पामेला?"

"कथबर्ट," ग्लेन्डा म्हणाली. "एकतीस पूर्ण."

"आणि ट्रेव्हर?"

"तो पलीकडचा. लांबनंच बघा."

मिस प्रॉसरनं ट्रेव्हरकडे पाहिलं. मग सात गाढवांच्या रांगेकडे पाहिलं, प्रत्येकाच्या कपाळावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं, आणि तिच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. ग्लेन्डाला वाटलं, पोरीला उन्हाची भोवळ आली. पण ती हसत होती. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग गुडघ्यांवर वाकून, आणि शेवटी फतकल मारून वाळूतच बसली. "रात्रभर... रात्रभर मला झोप नाही हो! चार वर्षांची पोर... पेंढा खाते... मी माझ्या आईला फोन करून रडले!" आणि पुन्हा खो खो. तिचं हसू बघून पोरं हसायला लागली, पोरं हसताहेत म्हणून आया, आणि सगळे का हसताहेत हे न कळता ग्लेन्डाही पोट धरून हसली. ट्रेव्हरनंही सूर लावला. एवढ्या गोंगाटात ग्लेन्डाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "म्हणजे तुमची ती पेन्शन माणसांची?"

"माणसांची!"

"मग तसं लिहायला काय झालं होतं? स्टाफ, स्टाफ काय लिहिता!"

मिस प्रॉसरनं डोळे पुसले, फाइलीचा उरलेला भाग सोडवून घेतला, आणि ती एकदम कामाला लागली. "हे बघा, गाढवं हा स्टाफ होऊ शकत नाही. म्हणजे अकरा खोडले. अकरा गेले की पाचशेचा दर गेला. आणि स्टाफच नसेल, तर तुम्ही मालकच नाही. मालक नाही, तर कसली सोय आणि कसला दंड! रोजचा दंड रद्द होईल, चारशेसुद्धा परत मिळतील."

ग्लेन्डानं तिला उचलूनच घेतलं. खरंच उचललं, बूट वाळूत राहिले. "नेव्हिल! ऐकलंस का? कुरण वाचलं! पामेला, राणी माझी, कुरण वाचलं!" तिनं पामेलाचा मुका घेतला, डेरेकचा घेतला, आनंदाच्या भरात ट्रेव्हरचाही घेतला आणि गालाला जरासं चावून घेतलं. आइस्क्रीमवाल्याला ओरडून सांगितलं, की सगळ्या पोरांना एकेक दे, माझ्या नावावर.

मिस प्रॉसर बूट झटकत हसत होती. "एकच खूण करायची राहिली. 'इतर कोणीही कामाला नाही.' बरोबर ना?" आणि मग तिची नजर लगाम धरून उभ्या असलेल्या उंच माणसावर गेली. "हे कोण?"

"हा? हा नेव्हिल," ग्लेन्डा म्हणाली.

"नेव्हिल म्हणजे कोण?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न ग्लेन्डाला कोणी विचारलाच नव्हता. नवरा नव्हे, भाऊ नव्हे, भाडेकरू नव्हे. ती विचार करतेय तोवर नेव्हिलच बोलला.

"मी कोणी नाही हो बाई. असाच येतो."

"असेच म्हणजे?"

"म्हणजे फिरायला. हवा चांगली आहे. आलो तर लगाम धरतो."

मिस प्रॉसर बावळट नव्हती. "मोबदला मिळतो?"

"बाहेरचा माणूस आहे मी. लागेल तेव्हा. मीच माझा मालक," नेव्हिल छाती काढून म्हणाला. त्याला छाती काढायची सवय नव्हती, खोकलाच आला. "हिशेबात तसंच लिहिलंय. कथबर्टसाहेबांनी स्वतः."

"मग कधी यायचं ते कोण ठरवतं?"

"मीच. वाटलं तर येतो, नाही वाटलं तर नाही."

"आणि कधी नाही वाटलं?"

नेव्हिल विचारात पडला. "अजून तसं झालं नाही."

"तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवलं तर चालतं?"

"पाठवला होता की एकदा. चुलतभावाला. ट्रेव्हरनं त्याला डॉक्टरकडे पाठवला."

मिस प्रॉसर ओठ चावत ग्लेन्डाकडे वळली. "तुम्ही सांगा, मिसेस कथबर्ट. हे तुमच्याकडे कामाला आहेत का? हो म्हणालात तर तुम्ही मालक, आणि यांची सोय आजवर तुम्ही केलेली नाही. चारशे गेले ते गेले. रोजचे पन्नास पहिल्या दिवसापासून लागू, वर यांच्या पेन्शनमधला तुमचा मागचा हिस्सा. नाही म्हणालात तर ही खूण करते आणि जाते."

नेव्हिल मिस प्रॉसरच्या पाठीमागून ग्लेन्डाला डोळे मोठे करून करून खुणावत होता. नाही म्हण. म्हण नाही.

आणि ग्लेन्डाला नाही म्हणायचं होतं. खोटं कशाला बोलू, अगदी जिभेवर आलं होतं. पन्नास म्हणजे पाचशे नव्हेत, पण रोजचे पन्नास आणि वर इतक्या वर्षांचा मागचा हिस्सा म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाचेही डोळे पांढरे होतील. नाही म्हटलं की कुरण सबंध राहणार. एकच शब्द. पण तिच्या समोर पामेला उभी होती, ब्रश मारलेली, हॅट घातलेली, पोट गच्च भरलेली, दातांची दरसाल तपासणी झालेली. आणि तिच्या बाजूला नेव्हिल उभा होता, एका पायावर भार टाकून, कारण दुसरा गुडघा त्याला आता झेपत नव्हता. कपडे धुवायच्या दुकानावरच्या एका खोलीत हा माणूस राहतो. पामेला म्हातारी होईल तेव्हा कुठे जाईल, हे ग्लेन्डानं पामेला धडधाकट असतानाच ठरवून ठेवलं होतं. नेव्हिल कुठे जाईल, हे तिच्या मनात सव्वीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. तिला स्वतःची अशी लाज वाटली, की कान तापले.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली.

"ग्लेन्डा!" नेव्हिल ओरडला.

"तू गप्प बस. लिहा हो बाई. नेव्हिल स्टब्स. स्टाफ. सव्वीस वर्षं. एक दिवस चुकलेला नाही, ताप होता तेव्हासुद्धा आला होता, मी शिव्या घालून घरी पाठवला."

"लिहू नका! हिला ऊन लागलंय!"

"माझ्या शेडची किल्ली याच्या खिशात आहे. बघा खिसा!"

"किल्ली सापडली मला!"

"माझा रेनकोट घातलाय यानं!"

"थंडी वाजत होती!" भर जुलैत घाम निथळत नेव्हिल म्हणाला, आणि भोवती जमलेल्या आया पुन्हा फिदीफिदी हसायला लागल्या. पण तो आता हसण्यापलीकडे चिडला होता. लगाम त्यानं एका पोराच्या बापाच्या हातात कोंबला आणि तो ग्लेन्डासमोर येऊन उभा राहिला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कुरण जाईल! माझा बाप पन्नाशीत गेला. काका त्याच्याही आधी गेला. स्टब्सांच्यात आजपर्यंत एकानं साठी बघितलेली नाही. मी एक्कावन्नचा आहे. पेन्शन घेऊन काय करू मी, थडग्यावर मांडून ठेवू? म्हातारं कोण होणार आहे? ही होणार आहेत!" त्यानं पामेलाकडे हात केला. "त्यांचं बघ!"

"त्यांचं बघितलंय मी! जन्मभर त्यांचंच बघितलंय!" ग्लेन्डाचा आवाज चिरकला. "तुझं बघायचं राहिलं रे! मेल्या, तू बोललास का कधी? एकदा तरी म्हणायचंस ना, की बाई, माझं काय!"

"मला काय माहीत, काय म्हणायचं असतं ते!"

दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली, नाकपुड्या फुलवून. मिस प्रॉसरनं हळूच आपल्या अर्ध्या खाल्लेल्या फाइलीतून एक धड कागद शोधला आणि त्यावर लिहिलं. स्टाफ: एक. आणि म्हणाली, "आता तरी चहा द्या कोणीतरी."

दंड बसला, तो बसलाच. मिस प्रॉसरनं सगळं खरं खरं लिहून पाठवलं म्हणून पाचशेचे पन्नास झाले आणि हप्ते बांधून मिळाले, पण माफ कोणी केलं नाही, आणि ग्लेन्डानं मागितलंही नाही. कुरणाचा रस्त्याकडचा अर्धा भाग तिला ब्लँचर्डला भाड्यानं द्यावा लागला. आता तिथे कॅरव्हॅन उभ्या असतात, आणि चार म्हातारी गाढवं कुंपणावरून माना घालून सुट्टीवर आलेल्या लोकांच्या बशांतली बिस्किटं उचलतात. पामेलाचं वजन वाढलंय. डॉक्टर ओरडतो.

पेन्शन सुरू झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी वाळूवरची गर्दी पांगल्यावर ग्लेन्डानं पाकीट पुढे केलं. "घे."

नेव्हिलनं ते उघडून बघितलं. सव्वीस वर्षांत त्यानं पाकीट तिच्यासमोर कधी उघडलं नव्हतं. "कमी आहेत," तो म्हणाला.

"पेन्शनीत गेले. जेवढे तुझे गेलेत तेवढे मीही घातलेत."

"माझ्या पैशातून?"

"तुझ्याच म्हातारपणासाठी!"

"मिळणार कधी?"

"कामातून मोकळा झालास की. सदुसष्टाला."

"सदुसष्ट!" नेव्हिलला हा आकडा इतका अचाट वाटला, की तो मोठ्यानं हसला. हसता हसता त्याला खोकला आला, तो वाकला, गुडघा धरला, पुन्हा सरळ झाला. मग पाकिटाकडे बघत त्यानं अगदी खरोखर, मनापासून विचारलं, "आणि तोवर मी काय करायचं?"

"मुकाट्यानं जगायचं!" ग्लेन्डा एवढ्या जोरात ओरडली, की सातही गाढवांनी कान टवकारले. डोळे पुसत, ते दिसू नये म्हणून तिनं ट्रेव्हरकडे तोंड फिरवलं.